६० होम रन मारूनही एमव्हीपी नाही? बेसबॉलच्या वादातून समजून घेऊया ‘स्कोअर’ नावाची भानगड

नोव्हेंबर २०२५ मधली एक सकाळ. चहा गॅसवर ठेवला आणि फोन बघितला, तर ऑफिसच्या टीम ग्रुपवर शंभराच्या वर मेसेज. पोटात गोळाच आला. रात्री काहीतरी डिप्लॉय केलं होतं, सर्व्हर झोपला की काय?

सर्व्हर ठणठणीत होता. अमेरिकेतले आमचे दोन सहकारी भांडत होते. एक सिएटलचा, दुसरा न्यूयॉर्कचा. बेसबॉलच्या अमेरिकन लीगचा ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ म्हणजे एमव्हीपी जाहीर झाला होता. न्यूयॉर्क यँकीजचा ॲरन जज जिंकला होता आणि सिएटल मरिनर्सचा कॅल रॉली हरला होता. सिएटलवाल्याचं म्हणणं एकच: “अरे, ६० होम रन मारलेत त्याने!” न्यूयॉर्कवाला दर वेळी एकच स्क्रीनशॉट टाकायचा, त्यात एक आकडा गोल करून ठेवलेला.

मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. बेसबॉलमधलं मला तेव्हा ढिम्म काही कळत नव्हतं. पण तो गोल केलेला आकडा बघून कुतूहल वाटलं, कारण असे आकडे बनवणं हेच माझं काम आहे. दोन रात्री त्यात घालवल्या. जे समजलं ते तुमच्याही कामाचं आहे, बेसबॉल बघत नसाल तरी.

आधी मतदान कसं होतं ते बघू

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत, १५ अमेरिकन लीगमध्ये आणि १५ नॅशनल लीगमध्ये. प्रत्येक लीगचा एमव्हीपी वेगळा. हा पुरस्कार बेसबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना १९३१ पासून देते. लीगमधल्या प्रत्येक संघाच्या शहरातले दोन, असे एकूण ३० पत्रकार मत देतात. प्लेऑफ सुरू होण्याआधीच मतं द्यायची असतात, त्यामुळे प्लेऑफमधली कामगिरी धरली जात नाही.

प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं करत दहाव्याला १. पहिल्या आणि दुसऱ्यात ५ गुणांची उडी मुद्दाम ठेवली आहे.

आता २०२५ चा निकाल. जजला १७ जणांनी पहिलं ठेवलं, १३ जणांनी दुसरं. रॉलीचं बरोबर उलटं.

जज: १७ × १४ + १३ × ९ = ३५५
रॉली: १३ × १४ + १७ × ९ = ३३५

फरक २० गुणांचा. पण एका मतदाराने या दोघांची अदलाबदल केली, की जजचे ५ कमी होतात आणि रॉलीचे ५ वाढतात. म्हणजे फरक १० ने घटतो. दोघांनी मत बदललं असतं तर ३४५–३४५ अशी बरोबरी. तिघांनी बदललं असतं, तर ट्रॉफी सिएटलला. इतकं ते निसटतं होतं!

आणि गंमत म्हणजे, ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे नेमकं काय, याची पक्की व्याख्या मतदारांना दिलेलीच नाही. ती त्यांनी आपापली ठरवायची.

दोघांचे साधे आकडे

जज: सरासरी ०.३३१, होम रन ५३.
रॉली: सरासरी ०.२४७, होम रन ६०.

इथली सरासरी क्रिकेटसारखी नसते हां. ०.३३१ म्हणजे फलंदाजीच्या हजार संधींपैकी ३३१ वेळा हिट मारून बेसवर पोचला. त्यात वॉक वगैरे मिळून बेसवर पोचण्याचं प्रमाण धरलं, तर जज ०.४५७ आणि रॉली ०.३५९. सोप्या भाषेत, शंभर वेळा बॅटिंगला आले तर जज रॉलीपेक्षा साधारण दहा वेळा कमी आउट होतो. बेसबॉलमध्ये एका संघाला डावात फक्त तीनच आउट मिळतात, त्यामुळे हा फरक छोटा नाही.

मग रॉलीची बाजू काय? तो कॅचर आहे. कॅचर म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा. दर सामन्यात शंभराहून जास्त चेंडू झेलायचे, गुडघ्यांची वाट लावून घ्यायची, पिचरला कुठला चेंडू टाकायचा ते सुचवायचं, आणि मग बॅट घेऊन मैदानात यायचं. म्हणून कॅचरकडून मोठ्या फटकेबाजीची अपेक्षा सहसा नसते. रॉलीच्या आधी एका हंगामात कॅचरचे सर्वाधिक होम रन होते ४८, साल्वाडोर पेरेझचे, २०२१ मध्ये. रॉलीने तो विक्रम १२ ने मोडला. जज राइट फिल्डर, म्हणजे सीमारेषेकडे उभा राहणारा.

आता सांगा, सीमारेषेवरच्या माणसाची आणि कीपरची तुलना करायची कशी?

वॉर: सगळं एका आकड्यात

न्यूयॉर्कवाल्याने गोल केलेला आकडा होता ‘वॉर’, म्हणजे ‘विन्स अबव्ह रिप्लेसमेंट’. कल्पना अशी: हा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी स्वस्तात सहज मिळणारा बदली खेळाडू घेतला असता, तर संघाने हंगामात किती सामने कमी जिंकले असते?

हिशोब चार पायऱ्यांत समजून घ्या.

१. फलंदाजी, बेसवरची धावाधाव आणि क्षेत्ररक्षण यातून खेळाडूने सरासरीपेक्षा किती रन जास्त मिळवून दिले किंवा वाचवले ते काढायचं. मैदान फलंदाजाला सोपं की अवघड, हेही धरायचं. सिएटलचं मैदान फलंदाजांसाठी अवघड मानलं जातं.

२. जागेचा भत्ता द्यायचा. फॅनग्राफ्स या साइटच्या हिशोबात पूर्ण १६२ सामन्यांसाठी कॅचरला १२.५ रन जास्त मिळतात, राइट फिल्डरचे ७.५ रन कापले जातात. म्हणजे जागेमुळेच २० रनांचा फरक.

३. बदली खेळाडूची पातळी लावायची. अशा बदली खेळाडूंचाच संघ उभा केला, तर तो १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल असं धरलं आहे.

४. रनांचे विजय करायचे. साधारण १० रन म्हणजे १ विजय.

इथवर सगळं ठीक. पण ग्रुपवर मग सिएटलवाल्यानेही एक स्क्रीनशॉट टाकला. त्यातही वॉरच होतं, पण आकडा वेगळा!

एकच खेळाडू, दोन स्कोअर

वॉर काढणाऱ्या दोन मोठ्या साइट आहेत, फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स. २०२५ साठी जजचं वॉर पहिल्या साइटवर १०.१ आणि दुसऱ्या साइटवर ९.७. जवळपास सारखंच. रॉलीचं मात्र ९.१ आणि ७.४. म्हणजे एक साइट म्हणते दोघांत एकाच विजयाचा फरक आहे, दुसरी म्हणते दोनाहून जास्त. हंगाम तोच, खेळाडू तोच.

हा फरक येतो कुठून? एक मोठं कारण आहे ‘फ्रेमिंग’. चेंडू स्ट्राइक झोनच्या अगदी कडेला आला, तर तो स्ट्राइक की बॉल हे अंपायर डोळ्यांनी ठरवतो. चांगला कॅचर असा चेंडू इतक्या शांतपणे झेलतो, की कडेचा चेंडू आतला वाटतो. एका चेंडूने फार बिघडत नाही, पण हंगामभरात हजारो चेंडू होतात आणि त्याचे रन बनतात.

हे मोजता येऊ लागलं ते तंत्रज्ञानामुळे. प्रत्येक चेंडू झोनच्या नेमका कुठून गेला, हे कॅमेरे टिपतात. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा आहे, आणि २०२० पासून तिच्यात हॉक-आय वापरतात. हो, आपल्या डीआरएसमधलं तेच हॉक-आय. चेंडू खरा कुठे होता आणि अंपायरने काय दिलं, यातल्या फरकावरून कॅचरचा वाटा काढता येतो.

फॅनग्राफ्स आपल्या वॉरमध्ये फ्रेमिंग धरतं. बेसबॉल-रेफरन्स धरत नाही. कॅचरच्या कामाचा एक अख्खा भाग एका आकड्यात आहे, दुसऱ्यात नाहीच.

शून्य आणि रिकामी जागा

प्रोग्रामिंग शिकताना पहिल्याच वर्षी सांगतात की शून्य वेगळं आणि ‘नल’ वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काहीच निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. पण बेरीज करायची वेळ आली की आपण नलच्या जागी गुपचूप शून्य टाकतो, कारण त्याशिवाय कोड चालत नाही.

मी हे केलंय. आधीच्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टच्या टीमसाठी डॅशबोर्ड बनवला होता. दिवसाला कोण किती तक्रारी बंद करतं, त्यावर क्रमवारी. आमच्याकडे एक सीनियर ताई होत्या. कुणालाच न सुटणाऱ्या तक्रारी शेवटी त्यांच्याकडे जायच्या. एकेक तक्रार दोन-दोन दिवस चालायची. माझ्या डॅशबोर्डवर त्या तळाला. तक्रार किती अवघड होती याचा कॉलमच मी ठेवला नव्हता. वर्षअखेरीच्या रिव्ह्यूमध्ये कोणीतरी तोच डॅशबोर्ड उघडला, त्यांची पगारवाढ अडली, आणि दोन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. जाताना मला एवढंच म्हणाल्या, “अरे, तुला माहीत होतं ना मी काय करते ते?”

माहीत होतं. फक्त डेटाबेसमध्ये नव्हतं. कोडमध्ये एकही बग नव्हता, आकडा अगदी बरोबर होता. म्हणून रॉलीचे ते दोन वेगळे आकडे बघून मी जरा वेळ गप्पच बसलो.

मग माझं मत कोणाला?

ग्रुपवर मलाही विचारलं गेलं. माझं मत जजला, पण थोडक्यात. फ्रेमिंग धरलं तरी तो दोन्ही साइटवर पुढे आहे, आणि त्याची फलंदाजी लीगच्या सरासरीच्या दुप्पट भरते. रॉलीच्या कामातला काही भाग, उदाहरणार्थ पिचरला हाताळणं, अजूनही दोन्हीकडे नलच आहे. जजला गाठायला त्या नलची किंमत साधारण दहा रन निघायला हवी. कोणी तेवढी मानली, तर त्याला मी चूक म्हणणार नाही. फॅनग्राफ्स स्वतःही सांगतं की एका विजयाच्या आतल्या फरकावरून पक्का निकाल काढू नका. ३० पैकी १३ जाणकारांनी रॉलीला पहिलं ठेवलं, ते काही उगाच नाही.

पुढे हा हिशोबही बदलणार आहे. २०२६ च्या हंगामापासून अंपायरच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देता येतं, डीआरएससारखंच. कॅमेऱ्याने उघड केलेल्या चुका आता मैदानावरच दुरुस्त होतील, म्हणजे फ्रेमिंगची किंमतही बदलेल.

तुमच्या फोनवरचा स्कोअर

फोनचा बेंचमार्क, कॅमेऱ्याचं रेटिंग, डिलिव्हरी करणाऱ्या दादाचे स्टार, हे सगळे वॉरचेच भाऊ. पुढच्या वेळी असा आकडा दिसला की तीन गोष्टी तपासा.

• यात काय धरलंय आणि काय सोडलंय? बेंचमार्कमध्ये वेग असतो, पण तासभर गेम खेळल्यावर फोन किती तापतो ते बहुतेक वेळा नसतं.
• कशाला किती वजन दिलंय, आणि ते कोणी ठरवलं?
• दोन आकड्यांतला फरक खरंच मोठा आहे, की दोन मतदार फिरले तर उलटेल इतकाच?

आणि डिलिव्हरीवाल्या दादाला पावसात उशीर झाला म्हणून तीन स्टार देणार असाल, तर क्षणभर थांबा. त्या ॲपमध्ये पावसाचा कॉलम असेलच असं नाही.