चवदारमधला ‘च’
तालुक्यातून परदेशी भाषा : लेखांक ६

मागचा लेखांक वाचून पोलादपूरकडच्या एका गावातून फोन आला. मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, झालेली. जपानमध्ये वृद्धांच्या सेवेचं काम मिळतं असं कुणीतरी सांगितलेलं, आणि त्याच माणसाने क्लास, पुस्तकं, राहणं आणि ‘पुढचं सगळं’ धरून दीड लाखाचा आकडा टाकलेला. वडील म्हणाले, “निम्मे आत्ताच भरा म्हणतायत, सर. भात विकून एवढे कुठले यायचे? स्वस्तातला क्लास कुठे असेल तर सांगा.”

मी म्हटलं, अजून एक रुपयाही देऊ नका. रविवारी पोरीला घेऊन महाडला या.

आम्ही चवदार तळ्याशी बसलो. शिकायचं म्हणून येणाऱ्या मुलांना मी मुद्दाम इथेच बोलावतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब याच तळ्यात उतरून ओंजळभर पाणी प्यायले. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, पण त्या ठरावाने कुणाची तहान भागली नव्हती. मुलांनी पुस्तक उघडण्याआधी ती जागा बघावी असं मला मनापासून वाटतं.

मी जपानी अक्षरांचा तक्ता झेरॉक्स करून नेला होता. खाली देवनागरीत उच्चार लिहिलेले. ती वाचू लागली : अ, इ, उ, ए, ओ. मग क, कि, कु, के, को. तिसऱ्या ओळीला थांबून म्हणाली, “सर, ही तर आपली बाराखडीच की.”

तिचं निरीक्षण अचूक होतं. जपानी ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा क्रमाने जातात. आपल्या वर्णमालेशी ताडून पाहा. ‘क’ नंतर चवर्गाच्या जागी ‘स’ बसलाय, मग ‘त’ आणि त्याचं अनुनासिक ‘न’, मग पवर्गाच्या जागी ‘ह’ आणि त्याचं ‘म’, शेवटी य, र, व. (त्या ‘ह’चा उच्चार फार पूर्वी ‘प’ होता.) हा क्रम जपानच्या बौद्ध मठांत संस्कृत शिकण्यासाठी चालणाऱ्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आला. ती विद्या तिकडे रुजवणाऱ्यांत कूकाई हा भिक्षू मोठा. तो ८०४ साली चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये ग्रंथ घेऊन परतला. कोयासानचं मठक्षेत्र त्यानेच वसवलं. त्याच कोयासानच्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. हे सांगितल्यावर मुलीने एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा तक्त्याकडे.

मग ‘त’ची ओळ आली : त, चि, त्सु, ते, तो. ‘त्सु’ला ती अडखळली. मी विचारलं, या तळ्याचं नाव काय? “चवदार.” आता ‘चहा’ म्हण. दोन्हीतला ‘च’ एकच आहे का? तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि हसली. चव, चूल, चमचा यांत जीभ दातांशी लागते. जपानी ‘त्सु’ म्हणजे ‘चूल’मधला ऱ्हस्व केलेला ‘चु’. जपानीत पाण्याला ‘मिजु’ म्हणतात, त्यातला ‘जु’ ‘जुनं’मधला. इंग्रजी अक्षरांतून जपानी शिकणारी मुलं या आवाजांवर आठवडे घालवतात. आपल्याकडे ते आईच्या तोंडून आलेले आहेत.

अनुस्वाराचंही तसंच. जपानीत शेवटी एक सुटा ‘न्’ आहे, त्याचा उच्चार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. वर्तमानपत्राला ‘शिंबुन’ म्हणतात, तिथे तो ‘आंबा’तल्यासारखा म् होतो. हवामानाला ‘तेंकि’, तिथे ‘पंखा’तल्यासारखा. ऱ्हस्व-दीर्घ मात्र काटेकोर पाळावं लागतं. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. वृद्धाश्रमात काम करायला निघालेल्या मुलीने हा फरक पहिल्याच आठवड्यात पक्का करावा.

वाक्याने तर तिचे वडीलही पुढे सरकून बसले. मी वहीत लिहिलं : ‘वाताशि वा माहादो दे मिजु ओ नोमिमास्.’ वाताशि वा, मी. माहादो दे, महाडमध्ये. मिजु ओ, पाणी. नोमिमास्, पिते. शब्दामागून शब्द, त्याच क्रमाने. प्रत्यय शब्दाच्या मागे, क्रियापद शेवटी. वर एक सवलत : पितो, पिते, पितात असा लिंग-वचनाचा फेर नाही, सगळ्यांना ‘नोमिमास्’. चा-ची-चे-च्या या सगळ्यांची कामं एकटा ‘नो’ करतो. म्हणून माझा आग्रह आहे की वहीतली टिपणं इंग्रजीत न ठेवता मराठीत ठेवावीत. अर्धं व्याकरण आपोआप जागेवर बसतं.

आता पैशांचं. जवळचं मोठं केंद्र पुणे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात, जपानी शिक्षकांची ‘जाल्टॅप’ ही संघटना आहे, आणि खासगी वर्ग पुष्कळ. शिकवणं चांगलं आहे. पण आपल्या मुलाला पुण्यात ठेवायचं तर क्लासच्या फीपेक्षा खोली आणि मेस जड जाते. म्हणून पहिली पायरी घरी चढावी, हे माझं ठाम मत.

त्यासाठी लागणारं साहित्य फुकट आहे. जपान फाउंडेशन या सरकारी पाठबळाच्या संस्थेचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह मोफत उतरवून घेता येतं. ते परदेशातून जपानला कामाला येणाऱ्यांसाठीच बेतलंय : दुकान, दवाखाना, कामाची जागा, शेजारी. याच संस्थेच्या ‘मिनातो’ या संकेतस्थळावरचे स्वयंअध्ययनाचे वर्गही फुकट. एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी पाठ हिंदीत आहेत. विकत घ्यायचंच तर ‘मिन्ना नो निहोंगो’. दोन भागांत पन्नास धडे, भारतीय आवृत्ती मूळ जपानी प्रतीपेक्षा स्वस्त मिळते.

फक्त उच्चार आणि बोलणं एकट्याने सुधारत नाही. पैसे खर्चायचे ते तिथे. चार-पाच मुलांनी मिळून पुण्यातल्या एखाद्या शिक्षकाचा आठवड्यातून एक ऑनलाइन तास घ्यावा आणि खर्च वाटून घ्यावा. आठवडाभर अभ्यास स्वतः करायचा, त्या तासाला फक्त बोलायचं आणि चुका दुरुस्त करून घ्यायच्या.

परीक्षेचं नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथेच होते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्या, एन५ सगळ्यांत सोपी. १८० पैकी ८० गुणांना एन५ उत्तीर्ण, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ हवेत. तोंडी परीक्षा नाही. आणि ज्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसावर (एप्रिल २०१९ पासून सुरू, भारताशी करार जानेवारी २०२१) ही मुलं जातात, त्याला एन५ पुरत नाही. एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा लागते. तिथे २५० पैकी २०० गुण. वृद्धसेवेसाठी त्या कामाच्या भाषेची आणि कौशल्याची वेगळी परीक्षा. आणखी एक गोष्ट मी त्या मुलीला स्पष्ट सांगितली. हे काम परिचारिकेचं नव्हे. भरवणं, आंघोळ घालणं, कूस बदलणं हे ते काम. तिथे नर्स व्हायचं तर जपानची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, “आजीचं दोन वर्षं मीच केलंय, सर.”

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, आणि अर्ज काही महिने आधीच भरून संपतात. आपल्याकडच्या मुलांनी डिसेंबरच धरावा. जुलैत पुण्याच्या वाटेवरचा वरंध घाट बंद असण्याचीच शक्यता जास्त, ताम्हिणीचाही भरवसा नाही. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली आणि महाड पाण्याखाली गेलं, ते इथे कुणी विसरलेलं नाही. वर्षभराचा अभ्यास एका दरडीवर सोडू नये. पुणं जमत नसेल तर वीर स्टेशनवरून कोकण रेल्वेने मुंबईचं केंद्र गाठता येतं.

एजंटविषयी एवढंच. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर नाव तपासा, पावती मागा. पावती म्हटल्यावर जो दुसरा विषय काढतो, त्याच्या दारात परत जाऊ नका. त्या वडिलांनी तिथूनच फोन लावला आणि नोंदणी क्रमांक विचारला. पलीकडून ‘नंतर बोलतो’ असं उत्तर आलं.

आता दर रविवारी चार जण येतात : ती, तिची मैत्रीण, एमआयडीसीत पाळीला जाणारा एक मुलगा आणि बिरवाडीचा एक बारावी झालेला. पहिल्या महिन्यात ठरवलंय एवढंच : त्या तक्त्यातली शेहेचाळीस अक्षरं, म्हणजे हिरागाना, रोज पाच, शाळेसारखी पाटीवर. पाटी त्या मुलीने घरातून शोधून आणली. धाकट्या भावाची, एका कोपऱ्याला टवका गेलेली.

पुढच्या आठवड्यात कांजी, म्हणजे चित्राक्षरं. सोबत एक चौकटीची वही आणा.