पोलादाचा छर्रा, प्लॅस्टिकचा छर्रा

तळहातावर दोन छर्रे ठेवा. एक पोलादाचा, तांब्याचा मुलामा दिलेला, जेमतेम 4.4 मिलिमीटर व्यासाचा. दुसरा प्लॅस्टिकचा, पांढरा, 6 मिलिमीटरचा. दोघांनाही जगभर ‘बीबी’च म्हणतात आणि दोघेही हवेच्या किंवा वायूच्या दाबाने उडतात. ज्या बंदुकांमधून ते उडतात त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर भल्याभल्यांची गल्लत होते. आता त्यांचं वजन करा. पोलादाचा छर्रा भरतो 0.33 ते 0.35 ग्रॅम, प्लॅस्टिकचा बहुधा 0.20. मोठा दिसतो तो हलका आणि लहान दिसतो तो जड! ही उलटापालट कुणीतरी विचारपूर्वक केलेली आहे. पोलादाचा छर्रा जन्मला तो पत्र्याच्या डब्याला भोक पाडण्यासाठी. प्लॅस्टिकचा छर्रा जन्मला तो माणसाला लागावा आणि तरी माणूस धडधाकट राहावा यासाठी. बीबी गन आणि एअरसॉफ्ट गन यांच्यातला मूळ फरक हाच. बाकीचे सगळे फरक या एका गोष्टीतून निघत जातात, आणि ते एकेक करून उलगडताना मला अजूनही थक्क व्हायला होतं.

बीबी गनची गोष्ट सुरू होते पवनचक्कीपासून. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावी 1882 मध्ये शेतकऱ्यांसाठी लोखंडी पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी निघाली. धंदा म्हणावा तसा चालेना. 1888 मध्ये क्लॅरेन्स हॅमिल्टन याने हवेच्या दाबावर चालणारी एक छोटी धातूची बंदूक कंपनीपुढे आणली. कंपनीने ती पवनचक्कीबरोबर भेट म्हणून द्यायला सुरुवात केली. थोड्याच काळात लोकांना पवनचक्कीपेक्षा भेटच हवीशी झाली. 1895 मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून बंदुकीचंच नाव घेतलं: डेझी. शेतावर, परसात, कुंपणावर मांडलेल्या डब्यांवर नेम धरत अमेरिकन मुलांच्या कितीतरी पिढ्या या बंदुकांवर वाढल्या.

सुरुवातीचे छर्रे शिशाचे होते. 1920 च्या दशकात पोलादी छर्रे आले. ते स्वस्त आणि टणक होते, पण टणकपणाची एक किंमत द्यावी लागते. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. शिशासारखा मऊ धातू त्या खाचांत रुतून फिरत बाहेर पडतो, म्हणून तो सरळ जातो. पोलाद रुतत नाही, उलट खाचाच खरवडून काढतं. म्हणून बीबी गनची नळी आतून गुळगुळीत ठेवतात आणि छर्रा नळीपेक्षा किंचित बारीक. तो नळीतून घरंगळून पडू नये म्हणून अनेक बंदुकांमध्ये मागच्या टोकाला एक चिमुकलं चुंबक बसवलेलं असतं. पोलाद आहे म्हणून चुंबकाने धरता येतं, इतका साधा आणि देखणा उपाय! आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायला जी एअर रायफल मिळते, तिच्यात बहुधा शिशाचे, कमरेत आवळलेले छर्रे घालतात. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी ज्या प्रकारात नाव कमावलं त्या 10 मीटर एअर रायफलमध्येही 4.5 मिलिमीटरचे तसलेच शिशाचे छर्रे असतात. माप जवळपास तेच, पण नळीला खाचा आणि धातू मऊ. त्यामुळे अचूकता पार वेगळ्या जगातली.

दुसरा छर्रा जपानचा. तिथे बंदुकांवरचे निर्बंध अतिशय कडक, आणि बंदुकांच्या हुबेहूब प्रतिकृती बाळगण्याची हौसही तितकीच दांडगी. 1971 मध्ये कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. पिस्तुलाची धातूची प्रतिकृती असेल तर ती पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाची असली पाहिजे आणि तिची नळी बुजवलेली असली पाहिजे. धातूची वाट अशी आवळत गेली तेव्हा कारागिरांनी प्लॅस्टिककडे मोर्चा वळवला. त्या दशकात हलक्या दाबाने प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या प्रतिकृती बाजारात आल्या. हौशी लोक त्या घेऊन रानात लपाछपी खेळू लागले आणि त्यातून एक मैदानी खेळच उभा राहिला. इथे नेमाच्या टोकाला डबा नव्हता, मित्र होता.

1991 मध्ये टोकियो मारुई या कंपनीने फ्रेंच फामास रायफलची प्रतिकृती काढली, ती विजेवर चालणारी. वीज छर्ऱ्याला ढकलत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. बॅटरी मोटर फिरवते, मोटर गिअर फिरवते, गिअर स्प्रिंगला टेकलेला दट्ट्या मागे खेचतो. त्या शेवटच्या गिअरला दाते फक्त अर्ध्या-पाऊण घेरालाच असतात. दाते संपले की दट्ट्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, स्प्रिंग त्याला पुढे फेकते, नळकांड्यातली हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. तोवर गिअर फिरून दाते पुन्हा समोर आलेले असतात. दात्यांतल्या एका मोकळ्या जागेतून सेकंदाला दहा-बारा गोळ्यांचा ताल निघतो.

आता खरी गंमत. माणसाला इजा होऊ नये म्हणून छर्रा हलका आणि जाड केला, पण हलकी आणि जाड वस्तू हवेत पुढे कशी जाणार? साधं गणित मांडून पाहू. 0.20 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 90 मीटर वेगाने सुटला, तर नळीच्या तोंडाशी हवा त्याला जितक्या जोराने मागे रेटते तो जोर छर्ऱ्याच्या स्वतःच्या वजनाच्या तीसपटीहून जास्त भरतो. आपण जिला काहीच नाही असं समजतो ती हवा! अवघ्या 17-18 मीटरमध्ये वेग निम्मा होतो. पोलादी छर्ऱ्याला वेग निम्मा व्हायला पन्नासेक मीटर लागतात. इतकं लवकर मंदावणारं काहीतरी तीस-चाळीस मीटरवरच्या मित्रापर्यंत पोहोचणार कसं? पोहोचण्याआधीच ते जमिनीवर पडायला हवं.

याचं उत्तर तोफखान्याच्या एका जुन्या डोकेदुखीत सापडतं. अठराव्या शतकातल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांची गोळी सरळ जात नसे, कधी डावीकडे वळे तर कधी उजवीकडे. इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स याने कारण ओळखलं. गोळी नळीच्या ज्या बाजूला घासते त्यानुसार तिला फिरकी मिळते आणि फिरणारी गोळी हवेत वळते. हे दाखवायला त्याने एका बंदुकीची नळी मुद्दाम डावीकडे वाकवली. गोळी बाहेर पडली डावीकडे आणि पुढे हवेत वळली उजवीकडे, कारण वाकलेल्या नळीत ती उजव्या भिंतीला घासत आली होती. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. त्यानंतर शतकभराने, 1852 च्या सुमारास, बर्लिनच्या हाइनरिश माग्नुस याने या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि नाव माग्नुसचं लागलं. रॉबिन्सला त्यात जागा मिळायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. ऑफस्पिनरचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेतच बाहेर सरकतो, त्यामागेही हेच विज्ञान आहे.

एअरसॉफ्टच्या कारागिरांनी या खोडीलाच कामाला लावलं. नळीच्या मागच्या टोकाला, वरच्या बाजूने, रबराचा एक इवलासा उंचवटा खाली डोकावतो. छर्रा त्याच्याखालून जाताना त्याचा माथा अडतो, तळ मात्र पुढे निघतो आणि छर्रा उलटा फिरत बाहेर पडतो. उलट्या फिरकीमुळे माथ्यावरून जाणारी हवा छर्ऱ्याला जास्त वेळ बिलगून राहते आणि मागून खाली वळून निसटते. हवा खाली फेकली गेली की छर्रा वर उचलला जातो. हे उचलणं त्याच्या वजनाइतकं झालं की गुरुत्वाकर्षण जणू काही काळ रजेवर जातं. छर्रा पडत नाही, तरंगत पुढे सरकत राहतो. याला ‘हॉप-अप’ म्हणतात. रबर किती दाबायचं हे एका छोट्या चक्राने ठरवता येतं. दाब जास्त झाला तर छर्रा आकाशाकडे उसळतो. 0.20 ऐवजी 0.28 ग्रॅमचा छर्रा घातला तर तोच दाब अपुरा पडतो. पोलादी छर्ऱ्याला चुंबक धरतं, प्लॅस्टिकच्या छर्ऱ्याला रबर, आणि धरता धरता त्याला उडायलाही शिकवतं. जड छर्ऱ्याला उचलायला एवढीशी फिरकी पुरली नसती. हलका आहे म्हणून तो हवेत अडखळतो आणि हलका आहे म्हणूनच हवा त्याला तोलून धरू शकते.

मग इजा होते की नाही, ही रेघ कुठे ओढायची? जपानने ती आकड्यात ओढली. ताकद वाढवलेल्या एअरगनने धावत्या गाड्यांवर छर्रे झाडल्याच्या घटनांनंतर 2006 मध्ये कायदा बदलला. त्यात मोजमाप निव्वळ ऊर्जेचं नाही, तर छर्ऱ्याच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती ऊर्जा याचं आहे. मर्यादा आहे 3.5 ज्यूल. सहा मिलिमीटरच्या छर्ऱ्याला ती जवळपास 1 ज्यूल पडते, म्हणजे 0.20 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 100 मीटर वेगाने. आता सेकंदाला 105 मीटरने सुटलेला पोलादी छर्रा घ्या. ऊर्जा 1.9 ज्यूलच्या आसपास, म्हणजे दुपटीहून थोडी कमी. पण टेकतो तो फक्त 4.4 मिलिमीटरच्या वर्तुळावर. भागाकार केला की चौरस सेंटिमीटरमागे 12 ज्यूलच्या वर जातो, साडेतीन पट. कातडीला फरक पडतो तो या भागाकाराने. शिवाय पोलाद चेंबत नाही, दगडावर किंवा लोखंडावर आपटून ते मारणाऱ्याकडेच परत येऊ शकतं. म्हणून बीबी गन माणसावर रोखायचीच नसते, कितीही लांबून. आणि एअरसॉफ्टमध्येही डोळा या हिशेबात बसत नाही. 1 ज्यूलचा प्लॅस्टिकचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. खेळणारे चहूबाजूंनी बंद असलेला चष्मा चढवल्याशिवाय मैदानात पाऊल टाकत नाहीत. आपल्याकडे जत्रांत आणि फुटपाथवर मिळणाऱ्या, पिवळे प्लॅस्टिकचे गोळे उडवणाऱ्या पिस्तुलांचा गोळाही साधारण त्याच 6 मिलिमीटरचा असतो. स्प्रिंग कमकुवत असते, डोळा मात्र तोच असतो. मुलाच्या हाती ते देताना हे ध्यानात ठेवावं.

अमेरिकेत एअरसॉफ्टच्या नळीचं टोक भडक नारिंगी ठेवावं लागतं, कारण ती प्रतिकृती मानली जाते. हवेच्या दाबाच्या पारंपरिक बीबी गनला ही सक्ती नाही. म्हणजे जी जास्त लागते तिच्यावर खूण नाही आणि जी कमी लागते तिच्यावर आहे. कायद्याला तिथे इजेपेक्षा ओळखीची काळजी जास्त आहे. पोलिसाला ती खरी वाटून त्याने गोळी झाडली तर, ही ती काळजी.

खेळाच्या मैदानावर मात्र या हलकेपणाचा एक वेगळाच परिणाम दिसतो. सुटताना 1 ज्यूल असलेल्या छर्ऱ्याची ऊर्जा चाळीस मीटरवर पोहोचेतो पंचविसाव्या हिश्श्यावर येते. जाड जॅकेटवर तो टेकला तर कधी कधी जाणवतही नाही. पेंटबॉलसारखा रंगाचा डाग पडत नाही, पंचाला लांबून दिसत नाही. ज्याला लागलं त्यानेच हात वर करून ‘हिट’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं, हा खेळाचा पहिला नियम. म्हणून मुरलेले खेळाडू झुडपामागे बसतात ते कान देऊन. कापडावर प्लॅस्टिकची बारीकशी टिचकी ऐकू आली की समोरच्याने मारलेला छर्रा पोहोचला हे त्यांना कळतं, आणि ते उभे राहतात.