पाण्याचं बटण आणि संत्र्याचा ताण

‘हे डे’ या मोबाईलवरच्या खेळात सोयाबीन २० मिनिटांत कापणीला येतं आणि कापूस अडीच तासांत. वऱ्हाडातल्या वावरात सोयाबीनला शंभरेक दिवस लागतात, कापसाची शेवटची वेचणी व्हायला साडेपाच-सहा महिने. खेळात काळ आवळावाच लागतो, त्याबद्दल कोणा कास्तकाराची तक्रार नसावी. गंमत प्रमाणात आहे. खेळातला कापूस सोयाबीनच्या साडेसातपट वेळ घेतो, वावरातला दुपटीच्याही आत. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने २०१२ साली आणलेला हा खेळ पिकाच्या घड्याळावर बेतलेला नाहीच. खेळणारा दिवसातून किती वेळा फोन उघडेल, त्या घड्याळावर तो चालतो.

शेतीबागेच्या खेळांचं घराणं आता बरंच मोठं झालं आहे. १९९६ साली जपानमध्ये ‘हार्वेस्ट मून’ निघाला. त्याचे कर्ते यासुहिरो वाडा क्यूशू बेटावरच्या मियाझाकीत वाढलेले. टोकियोत राहताना आठवणारं गाव त्यांनी खेळात उतरवलं. २००९ मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आलं आणि आयुष्यात कुदळ न धरलेली माणसंही अवेळी उठून स्ट्रॉबेरी तोडू लागली, कारण ती ४ तासांत पिकायची आणि वेळेत काढली नाही तर वाळून जायची. (चिखलदऱ्याजवळ मोथ्याला खरी स्ट्रॉबेरी होते. तिला रोप लावल्यापासून फळ यायला दोनेक महिने लागतात, आणि तोडायला उशीर झाला तर ती वाळत नाही, सडते.) २०१६ चं ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने काही वर्षं खपून तयार केलं. ‘द सिम्स’ मुळात घरसंसाराचा खेळ, पण त्यातही बागकाम हे चढत्या पायऱ्यांनी शिकायचं कौशल्य आहे.

फार्मव्हिलच्या पिकांना नुसतं घड्याळ पुरायचं, हे डेच्या पिकांनाही तेवढंच पुरतं. बाकीच्यांनी मात्र खेळणाऱ्याच्या हातात झारी दिली. रोज सकाळी उठायचं, झारी भरायची, एकेका चौकटीला पाणी घालायचं. या झारीमागचं गणित स्टारड्यूमध्ये सरळ आहे. दिवस खेळणाऱ्याच्या घड्याळात सुमारे १४ मिनिटांचा, ऋतू २८ दिवसांचा. रात्री संगणक प्रत्येक चौकट तपासतो: माती ओली आहे का? असेल तर पिकाचं वय एका दिवसाने वाढतं. नसेल तर पीक मरत नाही, फक्त आहे तिथेच थांबतं. पाऊस पडला की सगळ्या चौकटी आपोआप ओल्या, त्या दिवशी झारीला सुट्टी.

हे पोरकट वाटेल, पण त्याची जात खऱ्या शास्त्राचीच आहे. पिकाचं वय दिवसांत मोजू नये, उष्णतेत मोजावं, असं पीकशास्त्र सांगतं. कापसासाठी साधारण १५.५ अंश सेल्सिअस हा पाया धरतात. दिवसाचं सरासरी तापमान त्याच्या जितकं वर, तितके ‘अंश-दिवस’ पिकाच्या खात्यावर जमा. कमाल ३४ आणि किमान २४ अंशांच्या दिवशी साडेतेरा अंश-दिवस पडतात, तर कमाल २९ आणि किमान १२ च्या हिवाळी दिवशी जेमतेम पाच. म्हणजे पऱ्हाटीच्या लेखी जुलैतला असा एक दिवस डिसेंबरातल्या जवळजवळ तीन दिवसांचा. संशोधक वापरतात त्या ‘डीसॅट’सारख्या पीक-प्रारूपांत किंवा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ‘ॲक्वाक्रॉप’मध्ये याच हिशेबावर पाण्याच्या तुटीचा गुणक चढवतात. जिथे स्टारड्यू ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच विचारतं, तिथे ही प्रारूपं शून्य ते एकच्या दरम्यानचा आकडा मागतात. फरक बारकाईचा आहे, विचाराचा नाही.

विचारात फरक पडतो तो वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत.

खेळांच्या बागेत एक गृहीत कोणी उच्चारतही नाही: पाणी चांगलं, ते न मिळणं वाईट. आता संत्र्याचं झाड घ्या. योगायोगाने ते स्टारड्यूमध्येही आहे. रोप लावायचं, २८ दिवस थांबायचं आणि उन्हाळ्यात रोज एक संत्रं उचलायचं. फळझाडांना तिथे पाणी घालावंच लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या बगीच्यात सहा बाय सहा मीटरवर, हेक्टरी २७७ या हिशेबाने झाडं लावतात, पाच-सहा वर्षं सांभाळतात, आणि झाड फळण्याजोगं झालं की त्याचं पाणी तोडतात. ‘बगीचा ताणावर सोडला’ हे वाक्य तिकडे डिसेंबरात कुठल्याही पारावर ऐकू येईल.

आपल्याकडचं संत्र्याचं झाड मोकळं सोडलं तर वर्षातून एकदा सगळं मिळून फुलत नाही. थोडं आता, थोडं नंतर असं चालू राहतं. व्यापाऱ्याला तसला माल नको असतो. म्हणून बहार धरतात, म्हणजे ताण देऊन सगळं फूल एकदम आणतात. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत ताण, फेब्रुवारीच्या सुमारास फूल आणि नोव्हेंबरच्या मागेपुढे तोडणी. मृग बहारासाठी मे महिन्याच्या उन्हात ताण, पावसाने तो तुटला की जून-जुलैत फूल, फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. ताण किती द्यायचा हे जमिनीवर ठरतं. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो. भारी काळ्या जमिनीतली फुगणारी चिकणमाती ओल धरून बसते. तिथे दीड-दोन महिने जातात, आणि तरीही कधी कधी झाडाला तहान लागतच नाही. पानांचा हिरवा तजेला गेला, ती मलूल झाली, थोडी गळू लागली की ताण बसला असं समजतात. मग खत द्यायचं, पहिलं पाणी हलकं सोडायचं, आणि त्यानंतरच्या पाण्यावर झाड पांढऱ्या फुलांनी भरतं.

तहानेतून फूल का यावं? जुनं उत्तर साठ्याचं होतं. पाणी तुटलं की नवी पालवी थांबते, पण पानं काही काळ अन्न बनवत राहतात. ते खर्ची न पडता फांद्यांत साठतं आणि ओल मिळताच फुलांच्या कामी येतं. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणारा एखादा फुलोऱ्याचा संदेश असावा, असा तर्क सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडला आणि त्या न दिसलेल्या द्रव्याला ‘फ्लोरिजेन’ हे नावही देऊन टाकलं. ते सापडायला जवळपास सत्तर वर्षं गेली. तो संदेश म्हणजे ‘एफटी’ नावाच्या जनुकाने बनवलेलं प्रथिन. संत्रावर्गीय झाडांतला याच जनुकाचा भाऊबंद थंडीत आणि पाण्याच्या तुटीत अधिक जोराने काम करतो, असं त्यानंतरच्या प्रयोगांत दिसलं. उलट जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक फुलोऱ्याला मागे रेटतं. ताणावरच्या बागेत अवकाळी पाऊस झाला की क्लोरमेक्वाट क्लोराइडची फवारणी सुचवतात ती यासाठी. ते औषध झाडातलं जिबरेलिन बनणंच अडवतं. आंबिया बहाराला थंडी आणि तहान दोन्ही मिळतात. मृगाला नुसत्या तहानेवर भागवावं लागतं आणि वर मान्सूनची वाट पाहावी लागते. म्हणून तो बेभरवशाचा.

पाणी चुकीच्या वेळी द्यायला नको तसंच चुकीच्या जागीही. खेळातली झारी थेट बुंध्यावर ओततात. संत्र्याला तसं पाणी दिलं तर डिंक्या लागतो. फायटोफ्थोरा ही बुरशीसारखी जीवजात ओल्या मातीत पोहणारे बीजाणू सोडते. ते सालीत शिरले की साल तडकून डिंक पाझरू लागतो आणि झाड वरून वाळत येतं. त्यावर डबल रिंग हा उपाय आहे: बुंध्याभोवती मातीचं एक कडं, त्याबाहेर दुसरं, आणि पाणी फक्त दोन्हींच्या मधल्या जागेत. पाणी पिणारी बारीक मुळं तशीही बाहेरच्या घेरातच असतात. बुंध्याला बोर्डो मलम फासतात ते याच शत्रूसाठी. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर उंचावर बांधण्याचं कारणही तेच.

कलमाचा विषय निघालाच आहे, तर ‘द सिम्स ४’ मधली एक करामत सांगायला हवी. त्यात सफरचंदाच्या झाडावर चेरीचं कलम केलं की डाळिंब मिळतं! वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत हे सांगून पाहावं. तिथे जंबेरी किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. सालीखालचे वाढते पेशीथर एकमेकांना भिडतात, जखमेवर गाठ धरते, तिच्यातून पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्या नव्याने जुळतात. पण खुंट खुंटच राहतो आणि संत्रं संत्रंच. खुंटाने रोग, दुष्काळ, थोडाफार क्षार सोसायचा, वरच्याने फळ द्यायचं, अशी ती वाटणी आहे. दोघांचे गुण मिसळून तिसरंच झाड निघणं हा संकर झाला, आणि त्याला परागकण लागतात. खेळाने दोन वेगळ्या क्रिया एकीच्या नावावर घातल्या. त्या मानाने ‘ॲनिमल क्रॉसिंग’ हा खेळ प्रामाणिक आहे. त्यातल्या फुलांना चक्क जनुकांच्या जोड्या दिलेल्या आहेत, आणि निळा गुलाब मिळवायला मेंडेलच्या नियमांनी पिढ्यांमागून पिढ्या लावाव्या लागतात.

तरी ‘सिम्स ४’ ची फार थट्टा नको. तो खेळ बाजारात आला त्याच २०१४ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तंबाखूच्या दोन जातींचं कलम केलं, आणि सांध्यावरच्या काही पेशींत एकीचा संपूर्ण जनुकसंच दुसरीत शिरलेला त्यांना आढळला. त्या पेशींपासून वाढवलेली झाडं दोन्हींपेक्षा वेगळी, बी धरणारी नवी जात निघाली. प्रयोगशाळेत पेशी निवडून काढल्या तेव्हा कुठे हे दिसलं. सफरचंद-चेरीतून डाळिंब अजूनही यायचं नाही.

मोर्शीतून दर्यापूरकडे खाली उतरलं की पाण्याचं तिसरंच रूप भेटतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. इथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण त्यात सोडियमचे क्षार. हे पाणी काळ्या जमिनीला देत राहिलं तर सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, एकत्र धरलेले कण सुटे होतात आणि त्यांचा गाळ मातीतली छिद्रं बुजवतो. मग पावसाचं गोडं पाणीही मुरत नाही. ओली असताना चिखल, वाळली की दगड. कॅल्शियम कणांना पुन्हा एकत्र आणतो, म्हणून जिप्सम घालतात, पण निचरा नसेल तर सुटलेला सोडियम जायचा कुठे? तेव्हा खारपाणातला शहाणा कास्तकार खालच्या पाण्याला हात न लावता शेततळ्यात पावसाचं पाणी धरतो आणि खरिपाचा कापूस, मूग, तूर, मागून ओलीवरचा हरभरा यांवर भागवतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मातीशास्त्रज्ञांपुढे हा प्रश्न अगदी दाराशी आहे. स्टारड्यूमध्ये अशा जमिनीवर तुषार सिंचन बसवलं तर सगळ्या चौकटी रोज हिरव्या होतील. दर्यापुरात खाऱ्या पाण्यावर ते चालवलं तर काही वर्षांत वावर जाईल.

खेळ बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं मला वाटत नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. केलेल्या कामाचं फळ लगेच दिसलं नाही तर खेळणारा उठून जातो, आणि झारीत ते सुख भरपूर आहे: पाणी घातलं, माती गडद झाली, सकाळी रोप बोटभर वाढलं. ताणात खेळणाऱ्याने करायचं काय? महिनाभर काहीच न करणं हेच तिथे कौशल्य, शिवाय झाड सुकताना पाहायचं. फळ तर नऊ महिन्यांनी.

पण असा खेळ करता येईल, आणि मला तर तो खेळायला आवडेल. स्टारड्यूला हौशी लोक स्वतःची जोड लिहून लावतच असतात. कोणा अमरावतीच्या अभियांत्रिकीच्या पोराने हे मनावर घ्यावं. झारी ठेवायची, पण तिच्यासोबत जमिनीचा प्रकार आणि पाण्याचा क्षार द्यायचा. ताण किती बसला याचा आकडा दाखवायचा नाही, फक्त पानांचा रंग बदलायचा. जानेवारीतला पाऊस म्हणजे सुट्टी नव्हे, संकट. आणि आंबिया, मृग असे दोन्ही बहार एकाच झाडावर घेण्याची मुभा द्यायची. त्या वर्षी पैसे दुप्पट मिळू द्यायचे, मग झाड हळूहळू खंगत न्यायचं, खऱ्या बगीच्यात जातं तसं.

एकच गोष्ट बदलावी लागेल. स्टारड्यूमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वारलेले आजोबा येऊन नातवाच्या शेतीला गुण देतात. संत्र्याच्या खेळात त्यांना निदान सहाव्या वर्षी तरी बोलवावं.