सायकल आणि शिरस्त्राण

केंद्राच्या एका शिक्षण परिषदेत एका शिक्षकबंधूंनी विचारले, "सायकलवरून शाळेस येणाऱ्या मुलांना हेल्मेटची सक्ती करावी काय?" त्या वेळी माझे उत्तर त्रोटक झाले. ते येथे थोडे विस्ताराने देत आहे.

कायद्याचा भाग लहान आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १२९ अन्वये शिरस्त्राणाची सक्ती आहे ती मोटारसायकलवरील व्यक्तींना. पायाने चालविण्याच्या सायकलीस ते कलम लागू नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो मुलांच्या हिताचा.

दीड मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर झालेला असतो. सायकलवर बसलेल्याचे डोके साधारण तेवढ्याच उंचीवर असते. म्हणजे सायकल अगदी सावकाश चाललेली असली तरी डोक्यास बसणारा मार लहान नव्हे. हे वर्गात समजावयाचे तर दोन नारळ पुरेत. माडावरून पडलेला असोला नारळ सहसा फुटत नाही. सोललेला नारळ कातळावर आपटला की त्याची शकले होतात. करवंटी तीच, भेद सोडणाचा. सोडण दबते, नारळास थांबण्यास किंचित अधिक अवधी मिळतो आणि आघाताचा जोर उतरतो. शिरस्त्राणातील थर्माकोलसारखा थर हेच कार्य करतो. मात्र दबलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून एकदा जोराचा आघात सोसलेले शिरस्त्राण बाहेरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

सायकलच्या शिरस्त्राणाची युरोपीय मानकानुसार चाचणी घेतात तीही सुमारे दीड मीटरवरून पाडूनच. मालमोटारीची धडक सोसण्यासाठी ते बनविलेले नसते. तरीही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ४० अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात शिरस्त्राण घातलेल्या अपघातग्रस्तांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. नेदरलँडमध्ये बहुतेक लोक त्यावाचून सायकल चालवितात, असे कोणी म्हणेल. परंतु तेथील भूमी सपाट, आणि सायकलींना निराळे मार्ग आहेत. आपल्याकडे सड्यावरून वाडीत उतरणारी वाट, तीवर जांभ्याची खडी आणि पावसाळ्यात शेवाळ! येथे मूल बहुधा स्वतःच घसरून पडते. आणि अशाच पडण्यात शिरस्त्राण अधिक उपयोगी ठरते.

असे असूनही सक्ती मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सक्ती केली. त्यानंतर मेलबर्न शहरात झालेल्या गणनांत सायकल चालविणारी किशोरवयीन मुले बरीच कमी भरली. आपल्या भागात सातवीनंतर दूरच्या माध्यमिक शाळेस जाणाऱ्या मुलीचे शिक्षण कित्येकदा सायकलवरच अवलंबून असते. काही शे रुपयांचे शिरस्त्राण घरी परवडत नाही म्हणून तिला दारातून परत पाठविले, तर ती उद्या येईल याची हमी कोण देणार? पालकसभेत आग्रह धरावा, ग्रामस्थांकडून साहाय्य मिळवावे. हजेरीशी त्याचा संबंध जोडू नये.

काही वर्षांपूर्वी शाळाभेटीस जात असता उतारावर पडलेला एक मुलगा मला दिसला. कपाळातून रक्त येत होते. सायकल उचलून पाहिली, तो ब्रेकचे रबर पार झिजून लोखंड उघडे पडलेले. शिरस्त्राण त्यास हवेच होते, पण त्याआधी रबर हवे होते. तेव्हापासून भेटीस गेलो की मी प्रथम दोन्ही ब्रेक दाबून पाहतो. शिक्षकांनीही शनिवारी दहा मिनिटे काढून हे पाहावे, आणि तीव्र उतारावर मुलांना उतरून चालण्याची सवय लावावी.

शिरस्त्राण घालावयाचे ते कपाळ झाकून, भुवयांच्या वर दोन बोटे; हनुवटीखालील पट्टा बांधून. वडिलांचे मोटारसायकलचे हेल्मेट मुलास देऊ नये; ते जड होते आणि डोक्यावर फिरते. आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. सायकलवरून उतरताच शिरस्त्राण काढून ठेवावे. वाटेत जांभळे दिसली की मुले झाडावर चढणारच, आणि फांद्यांत शिरस्त्राण अडकले तर तोच पट्टा गळ्यास फास लावतो.