कर्करोग आणि खेड्यांची नोंदवही

आपल्याकडील कृषिविषयक चर्चेत पेरणीचे क्षेत्र, खतांचा खप, दर एकरी उतारा व बाजारभाव यांचे आकडे विपुल आढळतात. परंतु ते पीक काढणाऱ्या माणसाच्या देहावर काय परिणाम झाला, याचा आकडा क्वचितच सापडतो. एखाद्या गावात कर्करोगाने लागोपाठ पाच-सात माणसे दगावली, की गावकरी पाण्याला, फवारणीला वा जवळच्या कारखान्याला दोष देतात. अधिकारी मात्र ‘पुरावा नाही’ असे सांगून मोकळे होतात. खरे पाहता पुरावा दोघांजवळही नसतो. तो गोळा करण्याचे कामच कोणी केलेले नसते, आणि या अज्ञानाची किंमत बहुधा दुर्बलालाच मोजावी लागते.

पंजाबचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सतलजच्या दक्षिणेस असलेला तेथील माळवा हा भाग (मध्य प्रदेशातील माळव्याहून हा निराळा) कापसासाठी प्रसिद्ध. बोंडअळीच्या उपद्रवामुळे १९९०च्या दशकात तेथे कीटकनाशकांची बेसुमार फवारणी झाली. पुढे भटिंड्याहून बिकानेरकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला लोक ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणू लागले, कारण तुलनेने स्वस्त उपचारांसाठी माळव्यातील रुग्ण त्या गाडीने बिकानेरच्या रुग्णालयात जात. हे चित्र हृदयद्रावक होते यात शंका नाही. तथापि, आगगाडीतील गर्दीवरून रोगाचे प्रमाण ठरत नाही. घराजवळ परवडणारे रुग्णालय नसले, तरीही गाडीला गर्दी होतेच.

या प्रश्नाचा शास्त्रीय शोध घेण्याचा प्रयत्न चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने केला. भटिंडा जिल्ह्यातील तलवंडी साबो आणि रोपड जिल्ह्यातील चमकौर साहिब या दोन विभागांत घरोघर जाऊन पाहणी करण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निदान पक्के झालेल्या रुग्णांचे प्रमाण तलवंडी साबोत लाखामागे १०३, तर चमकौर साहिबमध्ये ७१ आढळले. फरक लहान नव्हता. मात्र कीटकनाशकांबरोबरच तंबाखू व मद्य यांचाही रोगाशी संबंध दिसून आला. एकच गुन्हेगार पकडून देण्याची अपेक्षा करणाऱ्यांची त्यामुळे निराशा झाली असेल. पण शास्त्राचा प्रामाणिकपणा यातच असतो.

पुढे २०१३ साली टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने पंजाब व चंडीगढमध्ये कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंदणी सुरू झाली, आणि एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. मानसा व संगरूर या माळव्यातील जिल्ह्यांपेक्षा चंडीगढ व मोहाली या शहरी भागांतच कर्करोगाचे प्रमाण अधिक निघाले. यावरून माळव्याची ओरड निराधार होती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शहरात तपासणी लवकर होते, खेड्यात काही रोगी निदानावाचूनच मरतात. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीत दोन-चार पीडित गावे सहज लपून जातात. म्हणजे नोंदणीने वाद मिटवला नाही. परंतु तो अफवेच्या पातळीवरून आकड्यांच्या पातळीवर आणला. हे काही थोडे काम नव्हे.

असा शोध अवघड का, हेही समजून घेतले पाहिजे. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकचा अनर्थ १९८०च्या दशकात उघडकीस आला, त्याचे एक कारण असे, की त्या विषाची खूण देहावर उमटते. तळहात व तळपाय जाड होतात, त्वचेवर डाग पडतात. पाण्यातील आर्सेनिक मोजता येते आणि कोणते कुटुंब कोणत्या नळाचे पाणी पिते हेही ठाऊक असते. त्यामुळे पाण्यातील आर्सेनिकपासून कर्करोग होतो, हे आज निर्विवाद मानले जाते. कीटकनाशकांची अशी खूण नसते. संपर्क आणि रोग यांत दहा, वीस, कधी तीस वर्षांचे अंतर पडते. त्यातच चुलीचा धूर, तंबाखू, मिश्री आणि निकृष्ट आहार हे सारे एकाच घरात एकत्र नांदत असतात.

हे धागे सोडवायचे तर हजारो माणसांचा दीर्घकाळ मागोवा घ्यावा लागतो. अमेरिकेत आयोवा व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून सुमारे ८९ हजार व्यक्तींचा, म्हणजे फवारणी करणारे व त्यांच्या जोडीदारांचा, असा अभ्यास चालत आला आहे. तेथे तो शक्य झाला, कारण विशिष्ट कीटकनाशके वापरण्यास परवाना लागतो आणि परवान्यामुळे नावांची यादी तयार असते. आपल्याकडे पंप पाठीवर घेणारा बहुधा रोजंदारीचा मजूर असतो. त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, कृषी केंद्राच्या पावतीवरही नसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा मृत्यू तत्काळ झाल्यामुळे त्यांची मोजदाद तरी झाली. वीस वर्षांनी जडणाऱ्या रोगाची मोजदाद कोण करणार? लिंडेन या कीटकनाशकाने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली दिला. भारतात त्याचा वापर त्यापूर्वीच बंद झाला होता. पण ज्यांनी ते आधीची कित्येक वर्षे हाताळले, त्यांची यादी कोठेच नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा बाह्य परिणामाचा प्रश्न आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरील किमतीत मजुराच्या पुढील आजाराचा खर्च धरलेला नसतो. तो विक्रेत्याच्या वा उत्पादकाच्या हिशेबात न येता मजुराच्या घरच्या कर्जात येतो. अशा खर्चाची माहिती कोणताही बाजार आपण होऊन पुरवीत नाही. ती सार्वजनिक पैशातूनच निर्माण करावी लागते.

आणि ती निर्माण करता येते, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. देशातील पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत निघाली. खेडूत आपण होऊन रुग्णालयात येत नाही हे ओळखून तेथील कार्यकर्ते गावोगाव गेले, सभा घेतल्या, लक्षणे समजावून दिली आणि संशयित रुग्णांना तपासणीस आणले. या भागात कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा पुष्कळ कमी असून स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रमुख आहे, हे त्या नोंदींतून कळले. महत्त्वाचे म्हणजे, जागृती वाढत गेली तशा या रोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. मोजणीचे काम असे प्रत्यक्ष उपकारकही ठरले.

बार्शीचा हा धडा कापूस, ऊस, द्राक्षे अशा निरनिराळ्या पीकपद्धतींच्या प्रदेशांत गिरवला पाहिजे. रुग्णाच्या नोंदीत त्याचा व्यवसाय, पिण्याच्या पाण्याचे साधन आणि वास्तव्याची गावे यांची माहिती हवी. कीटकनाशकांच्या विक्रीचे तालुकावार आकडे व पाण्याच्या तपासणीचे अहवाल सर्वांना पाहता आले पाहिजेत. फवारणी करणाऱ्या मजुरांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवणे तर मुळीच खर्चाचे नाही.

तथापि, संशोधन पूर्ण होईपर्यंत स्वस्थ बसावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. शुद्ध पाणी, फवारणीसाठी हातमोजे व मुखपट्टी, अतिविषारी द्रव्यांवर बंदी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कर्करोगाचे उपचार, या गोष्टींसाठी आणखी पुराव्याची गरज नाही. संशयाचा फायदा न्यायालयात आरोपीला मिळतो, तो योग्यच आहे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात मात्र तो विषाला न मिळता माणसाला मिळाला पाहिजे. आणि तसे घडायचे तर त्या माणसाचे नाव प्रथम कोठे तरी लिहिलेले असले पाहिजे.