व्हॉल्व्हचा प्रीअँप आणि भांडणारे नकाशे

१९५०च्या दशकाअखेरच्या फेंडर बेसमन ५एफ६-ए या अँप्लिफायरचा प्रीअँप घरी बांधायला बसलेल्या हौशी माणसाकडे सहसा दोन-तीन सर्किट डायग्राम जमतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एकात पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७, दुसऱ्यात १२एएक्स७. टोन कंट्रोलमध्ये कुठे ५६ किलोओहमचा रेझिस्टर, कुठे ३३चा. चूक कोणाची?

बऱ्याचदा कोणाचीच नाही. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेवन यांच्या साथीनं याच बेसमनवरून जेटीएम४५ घडवला. पहिल्या जागी त्यांनी ईसीसी८३ बसवला. युरोपात १२एएक्स७ याच नावानं ओळखला जातो. १२एवाय७चा वर्धनांक सुमारे ४४, याचा १००. साहजिकच आवाज लवकर फाटू लागला, आणि रॉक वाजवणाऱ्यांना तर तेच हवं होतं! ३३ किलोओहम हे त्याहून नंतरच्या मार्शलचं. तेव्हा डायग्राम खोटा ठरवण्याआधी तो कुठल्या यंत्राचा, हे पाहावं. दोन्हींची खिचडी करायलाही हरकत नाही, फक्त तिला अस्सल बेसमन म्हणू नये.

खऱ्या चुकाही असतात. नक्कल करताना शून्य गळतं, किंवा दुरुस्तीत बदललेला भाग मूळचा समजून कागदावर चढतो.

अशा वेळी निवाडा ओहमच्या नियमाकडे. समजा, पुरवठा ३०० व्होल्टचा, प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम आणि कॅथोडवर दीड व्होल्ट लिहिलेत. म्हणजे व्हॉल्व्हमधून १ मिलिअँपिअर वाहतोय. प्लेटच्या रेझिस्टरवर १०० व्होल्ट पडणार, प्लेटवर २०० उरणार. तिथे २८० छापलं असेल तर कुठला तरी आकडा नक्की चुकलाय. १९० असेल तर सोडून द्यावं. फेंडर आपल्या जुन्या डायग्रामवरच व्होल्टेजला २० टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा देत असे.

पहिल्या व्हॉल्व्हचा वाद तर कागदावर मिटवायचीही गरज नाही. दोन्हींच्या पिना सारख्याच असतात. यंत्र बंद करून, निवू देऊन एक उपसावा, दुसरा खोचावा आणि कानानं ठरवावं.

आत हात घालायचा असेल तर मात्र घाई नको. प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून ठेवतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करावेत, मीटरनं खात्री करावी, मगच सोल्डरिंग आयर्न उचलावं.