कार्पच्या गळासाठीं फ्रान्सची वाट

तळ्याच्या कांठीं आठवडाभर तंबू ठोकून राहावें, त्यासाठीं चांगलें भाडें मोजावें, अर्ध्या मणाचा मासा गळास लागला तर त्याचें वजन करून छायाचित्र घ्यावें, आणि तो पुन्हां पाण्यांत सोडून रिकाम्या हातानें घरीं परतावें, हा व्यवहार आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वेडेपणाचा वाटेल. आम्हांसही प्रथम तसाच वाटला. परंतु इंग्लंड, हॉलंड, जर्मनी या देशांतून याच एका हेतूनें दरसाल हजारों लोक फ्रान्सांत जातात, आणि त्यांच्या या नादावर तेथील कित्येक तळेंमालकांचा प्रपंच चालतो. इंग्लंडांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील कोणी असा बेत करीत असेल, तर त्यास उपयोगी पडेल आणि येथील तळेंमालकासही विचार करावयास लावील, असें कांहीं या लेखांत देत आहों.

हा कार्प आपणांस अगदींच परका नाहीं. कटला, रोहू व मृगळ यांच्या जोडीला आपल्याकडे तळ्यांत सोडतात तो सायप्रिनस हाच होय. १९३९ सालीं त्याची मोठ्या व विरळ खवल्यांची जात सिलोनांतून निलगिरींत आणण्यांत आली. फ्रान्सांतही तो मूळचा नव्हे; डॅन्यूब नदीच्या बाजूनें मध्ययुगांत तो पश्चिमेकडे आला. उपवासाच्या दिवशीं मांस वर्ज्य, पण मासा चालतो, या धर्मनियमामुळें मठवासी साधूंनीं व जमीनदारांनीं त्याच्यासाठीं तळीं बांधलीं.

लियों शहराच्या ईशान्येस दोंब नांवाचें पठार आहे, तेथें अशीं हजाराहून अधिक तळीं आजही आहेत. जमीन चिकणमातीची, पाणी न मुरणारी. नदीचा आधार नाहीं, केवळ पावसाचें पाणी. वरच्या तळ्याचें पाणी सोडलें कीं तें खालच्या तळ्यांत जातें, म्हणून शेजाऱ्याशीं सलोखा राखल्यावांचून कोणाचेंही चालत नाहीं. परंतु शेतकऱ्यानें खरोखर पाहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. तीन-चार वर्षें तळें भरलेलें ठेवून मासे वाढवावयाचे, नंतर एक वर्ष तें कोरडें करून त्याच्या तळाशीं ओट किंवा मका पेरावयाचा, असा तेथील फेरपालट आहे. माशांनीं व गाळानें सुपीक झालेल्या जमिनीस निराळें खत थोडेंच लागतें, आणि पिकाच्या वर्षीं तळास ऊन-वारा लागून पुढील पाण्यास तो ताजा होतो. हिंवतापाचें मूळ हीं तळींच, असें मानून १७९३ सालीं क्रांतिकारी सरकारनें देशांतील तळीं कोरडीं करण्याचा हुकूम काढला होता. आणि १८६३ सालीं स्थापन झालेल्या तेथील मठाच्या साधूंनीं निचऱ्याचें काम हातीं घेतलें. एका काळच्या साधूंनीं बांधावें व दुसऱ्या काळच्यांनीं उपसावें, हा योग मोठा मौजेचा आहे. असो.

दोंबमध्यें हिवाळ्याच्या सुमारास तळें सोडून मासे काढतात व वजनावर विकतात. तोच मासा न विकतां दीड-दोन तपें पाण्यांत राखला, तर तो वीस किलोंच्या घरांत जातो, आणि त्यास पुनःपुन्हां धरून सोडण्याकरितां लोक भाडें देतात. मालकाचें भांडवल तें हेंच. असा एक मासा मेला, तर वीस वर्षांची राखण एका संध्याकाळीं बुडाली. परदेशी पाहुण्यावर घातलेले नियम याच भीतींतून आलेले आहेत, हें ध्यानांत ठेवल्यास ते जाचक वाटणार नाहींत.

बेत करतांना पहिला प्रश्न, पाणी कोणाचें? नद्या व मोठे सार्वजनिक जलाशय येथें सरकारमान्य मासेमार मंडळाचा परवाना लागतो. तो वर्षाचा, सलग सात दिवसांचा किंवा एका दिवसाचा मिळतो, व हल्लीं घरबसल्या आंतरजालावरून काढतां येतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वीं अर्ध्या तासापर्यंत गळ टाकण्यास सामान्यतः मनाई आहे. कार्पसाठीं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानें नेमून दिलेल्या भागांतच रात्रीं बसतां येतें, आणि रात्रीं धरलेला कार्प पिशवींत ठेवतां येत नाहीं. कित्येक नवखे लोक येथेंच चुकतात. साठ सेंटिमीटरांहून मोठा जिवंत कार्प हौशी गळकऱ्यानें वाहून नेणें हा तर गुन्हा असून दंड साडेबावीस हजार युरोपर्यंत आहे. सार्वजनिक पाण्यांतील म्हातारे मासे चोरून खासगी तळ्यांस विकण्याचा धंदा सुरू झाला होता, त्यास हा आळा होय.

खासगी बंदिस्त तळ्यास हा परवाना लागत नाहीं. तेथें मालकाचा शब्द हाच कायदा. तळें बहुधा शनिवार ते शनिवार भाड्यानें देतात व चांगल्या तळ्यांची जागा बरीच आधीं भरते.

दुसरा प्रश्न हंगामाचा. थंड पाण्यांत कार्प सुस्त असतो व थोडें खातो. पाणी अठरा ते वीस अंशांवर आलें, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, तो उथळ पाण्यांत अंडीं घालतो. त्या दिवसांत त्यास छेडूं नये हें आमचें स्पष्ट मत आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरांत हिवाळ्याची तरतूद म्हणून तो भरपूर खातो, आणि जाणते लोक तेव्हांच जातात. मात्र जलाशयाचा स्वभाव पाहावा लागतो. कॅले बंदरापासून सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवर देर-शांतकोक हा जलाशय आहे. पॅरिसला पुरापासून वांचविण्यासाठीं १९७४ सालीं तो पुरा झाला. विस्तार अठ्ठेचाळीस चौरस किलोमीटर. शांतकोक, शांपोबेर व न्विझमां हीं तीन गांवें त्यांत गेलीं. शांपोबेरचें चर्च तेवढें कांठावर उभें आहे. धरणाखालीं गेलेलीं गांवें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस अधिक सांगावयास नको. हा जलाशय हिवाळा-वसंतांत मार्न नदीच्या पाण्यानें भरतो व उन्हाळ्यानंतर रिता होत जातो. म्हणून मासा चांगला खाऊं लागतो त्याच वेळीं पाणी कांठापासून दूर हटलेलें असतें आणि सामान घेऊन चिखलांतून बरेंच चालावें लागतें.

आमिषाची बाब शेतकऱ्यास चटकन कळेल. पीठ व अंडीं मळून उकडलेल्या कठीण गोळ्या, तसेंच मका हें नेहमींचें आमिष. मका रात्रभर भिजवून चांगला शिजवावा. कोरडा दाणा माशाच्या पोटांत फुगून त्यास अपाय होतो, म्हणून अर्धाकच्चें धान्य पुष्कळ मालक तळ्यावर आणूंच देत नाहींत. कार्प आमिष ओढून पाहतो व संशय आल्यास थुंकून टाकतो. यास्तव गोळी गळावर न टोंचतां केसासारख्या बारीक दोऱ्यानें गळास लोंबती ठेवतात. आमिष उगाच फार ओतूं नये. न खाल्लेलें तळाशीं कुजून पाणी नासतें.

मालकास सर्वांत मोठी धास्ती रोगाची. कोई हर्पीस नांवाचा विषाणू गेल्या शतकाच्या अखेरीस उजेडांत आला. माणसास त्यापासून भय नाहीं, पण कार्पचें तळेंच्या तळें तो मारूं शकतो, आणि ओल्या जाळ्याबरोबर एका तळ्यांतून दुसऱ्यांत जातो. भाड्याची रक्कम धाडण्यापूर्वीं मालकास पत्र टाकून इतकें विचारून घ्यावें: जाळें व मासा ठेवण्याची मऊ गादी तुम्ही देतां कीं आम्हीं आणावी? धान्य कोणतें चालतें? बिनकांट्याचाच गळ हवा काय? जाळें स्वतःचें न्यावयाचें ठरल्यास तें निघण्यापूर्वीं धुऊन उन्हांत पूर्ण वाळवावें, आणि वाटेंत दुसऱ्या पाण्यांत बुडवूं नये.